आठवणीची गाठ

एखादे काम विसरू नये म्हणून आपल्याकडच्या बायका पदराच्या टोकाला गाठ मारीत. पुरुषमंडळी उपरण्याला मारीत. गाठ हाताला लागली की काम आठवावे, अशी ही साधी, बिनखर्चाची सोय. तिच्यातली मौज अशी की, गाठीत काम काही बांधलेले नसते. कापड तेच, सूत तेच; कालपर्यंत दूर असलेले दोन भाग आज एकमेकांत अडकविलेले असतात, एवढाच काय तो फरक. गेली सव्वाशे-दीडशे वर्षे जगातील काही हट्टी माणसे मेंदूमध्ये अशीच एक गाठ शोधीत आली आहेत. माणूस काही शिकतो तेव्हा त्याच्या डोक्यात नक्की काय बदलते, हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर पुरते हाती आले आहे असे नाही. परंतु जेवढे आले त्याची हकीकत फराळाच्या ताटाबरोबर सांगण्याजोगी खास आहे. तीत एक स्वयंपाकघर आहे, एक विसरलेले स्वप्न आहे, समुद्रातले शेवाळ आहे, दुधाळ पाण्यात पोहणारे उंदीर आहेत, आणि एका माणसाची सबंध हयात आहे.

मी वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. जुन्या गोष्टी वाचण्याचा नाद तेवढा आहे. या विषयाकडे मी वळलो तो आमच्या नात्यातल्या एका आजींमुळे. उतारवयात त्यांना विस्मरणाने घेरले. पावकी-निमकी, जात्यावरच्या ओव्या, साठ वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या पंगतीचा बेत, हे सारे त्यांना घडाघडा येई. परंतु तासाभरापूर्वी आपण जेवलो हे काही केल्या आठवेना. जुने शाबूत राहावे आणि नवे मात्र धरून ठेवता येऊ नये, असे का व्हावे? घरातल्या कोणालाच उत्तर देता येईना. ते शोधता शोधता मी भलताच दूर जाऊन पोहोचलो.

सुरुवात इटलीतल्या एका स्वयंपाकघरात होते. मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो या लहान गावी कामिल्लो गोल्जी नावाचा डॉक्टर एका रुग्णालयात काम करी. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातच त्याने आपले सूक्ष्मदर्शक यंत्र मांडले. मेंदूचा काप यंत्राखाली धरला तर तोपर्यंत नुसता गुंता दिसे; माजघरात लोकरीचा गुंडा मांजराने उसकटून टाकावा तसा. १८७३ साली गोल्जीला एक युक्ती साधली. मेंदूचा तुकडा आधी एका क्रोमियमच्या क्षारात आणि मग चांदीच्या क्षारात मुरवला की हजारो पेशींतील एखाद-दुसरीच, परंतु शेंड्यापासून मुळापर्यंत, काळीकुट्ट रंगे. बाकीच्या अदृश्य राहत. गर्दीतून एकच माणूस उचलून समोर उभा करावा, तसे हे झाले.

ही रीत स्पेनमधल्या सांतियागो रामोन इ काहाल याच्या हाती पडली १८८७ साली. याला लहानपणी चित्रकार व्हावयाचे होते. बापाने त्याला वैद्य केले. शेवटी दोघांचेही साधले म्हणावयाचे. काहालने मेंदूतील पेशींची जी चित्रे काढली ती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. ती काढता काढता त्याच्या ध्यानात आले की, मेंदू म्हणजे सलग विणलेले जाळे नव्हे. एकेक पेशी स्वतंत्र आहे. ती शेजारणीच्या अगदी जवळ जाते, पण तिच्यात मिसळत नाही. मग शिकणे म्हणजे काय असावे? १८९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना काहालने तर्क मांडला की, अभ्यासाने नव्या पेशी निर्माण होत नसून पेशींमधले हे सांधे वाढत असावेत, बळकट होत असावेत. गोल्जीला हे मुळीच मान्य नव्हते. १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि त्या समारंभातल्या भाषणात गोल्जीने काहालच्याच सिद्धांतावर टीका केली. एका पाटावर बसलेल्या दोघा व्याह्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवावी, तशातला प्रकार!

या सांध्याला इंग्रज शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टन याने १८९७ साली ‘सिनॅप्स’ असे नाव दिले. आपण त्याला सांधाच म्हणू. पण सांधा म्हटला तरी मधे फट आहेच. निरोप एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो कसा?

याचे अर्धे उत्तर केंब्रिजच्या लँग्ली याला १९०५ साली कोंबडीच्या स्नायूत मिळाले. तंबाखूतल्या निकोटिनने तो स्नायू आकसे, आणि दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावीत त्या कुरारे विषाने ते आकसणे थांबे. मजेची गोष्ट ही की, स्नायूकडे जाणारा मज्जातंतू तोडून तो पुरता मरू दिला, तरीही निकोटिनचा परिणाम होई. म्हणजे औषध ओळखणारे असे काहीतरी खुद्द स्नायूतच असले पाहिजे. त्याला त्याने ‘ग्रहण करणारे द्रव्य’ म्हटले. जर्मनीत पॉल एरलिख याने त्याच सुमारास दुसऱ्या संदर्भात ‘रिसेप्टर’ हा शब्द वापरात आणला होता. तोच पुढे रूढ झाला. मराठीत त्याला ‘ग्राही’ म्हणतात. ग्राही म्हणजे पेशीच्या कातडीत बसविलेले कुलूप समजा. योग्य किल्ली आली तरच ते उघडते. एरवी बाहेर कितीही गर्दी असो, दार हलत नाही.

उरलेले अर्धे उत्तर ऑटो लोव्ही या ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरच्या प्राध्यापकाला स्वप्नात मिळाले. ईस्टरच्या सुमारास एका रात्री तो झोपेतून उठला, कागदाच्या चिटोऱ्यावर काही खरडले आणि पुन्हा झोपी गेला. सकाळी पाहतो तो आपलेच अक्षर लागेना, आणि स्वप्नही आठवेना! स्मरणाच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा टप्पा, आणि तो विसरून गेला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सुदैवाने दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी तो थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याने ठोके मंद केले, आणि त्या हृदयाभोवतालचे पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याचेही ठोके मंदावले. पाण्यातून काहीतरी गेले होते. १९२१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला: मज्जातंतू रसायनाच्या भाषेत बोलतात. एका काठावरून रसायन सुटते, दुसऱ्या काठावरचा ग्राही ते ओळखतो. निरोप पोहोचला.

परंतु निरोप पोहोचणे वेगळे आणि तो लक्षात राहणे वेगळे. कॅनडातील डोनाल्ड हेब हा मानसशास्त्रज्ञ पूर्वी शाळामास्तर होता. मुले शिकतात कशी हे त्याने वर्गात पाहिले होते. १९४९ साली त्याने एक पुस्तक लिहिले आणि त्यात नियम मांडला. एक पेशी दुसरीला पुनःपुन्हा पेटविण्यात हातभार लावीत असेल तर त्या दोघींमधला सांधा पक्का होत जातो. परवचा म्हणणाऱ्या मुलाला याचे आश्चर्य वाटणार नाही. ‘बे एके बे’ म्हटले की ‘बे दुणे चार’ आपोआप जिभेवर येते, ते दोन्ही शेकडो वेळा एकापाठोपाठ म्हटल्यामुळेच. परंतु हेबपाशी तर्क होता, पुरावा नव्हता.

पुराव्याची पहिली वाट एका दुर्दैवाने दाखविली. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हेन्री मोलेझन नावाचा तरुण अपस्माराच्या झटक्यांनी बेजार झाला होता. १ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यवैद्याने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला एक भाग काढून टाकला. त्या भागात वळणदार असा एक अवयव असतो. त्याच्या आकारावरून त्याला ग्रीक भाषेतले ‘समुद्रघोडा’ या अर्थाचे नाव मिळाले आहे: हिप्पोकॅम्पस. झटके पुष्कळ कमी झाले. पण हेन्रीला त्या दिवसापासून कोणतीही नवी गोष्ट लक्षात ठेवता येईना.

ब्रेंडा मिल्नर ही हेबचीच विद्यार्थिनी. तिने १९५५ पासून त्याच्या चाचण्या घेतल्या. हेन्रीची बुद्धी उत्तम होती, वागणे आर्जवी होते, बालपण आठवत होते. एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवावयास सांगितले. सुमारे पंधरा मिनिटे त्याने तो धरून ठेवला. कसा, तर ५, ८ आणि ४ मिळून १७, त्यातून ८ गेले की ९, नवाचे दोन भाग ५ आणि ४, अशी मनातल्या मनात जुळणी करीत. मिनिटभर लक्ष दुसरीकडे वळले, आणि आकडाच काय, आकडा दिला होता हेही गेले. मिल्नर खोलीबाहेर जाऊन परत आली की ती त्याला नव्याने भेटे. परंतु आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचा खेळ त्याला दिला, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सफाईने चालू लागला. आणि आपण हे पूर्वी कधी केले होते हे त्याला ठाऊकच नव्हते! हाताला आठवत होते, हेन्रीला नाही. स्मरण म्हणजे एकच कोठार नव्हे, हे १९५७ आणि १९६२ सालच्या या निरीक्षणांवरून जगाला कळले.

आमच्या आजींचे कोडे मला येथे उलगडू लागले. वृद्धपणीच्या अल्झायमर या विस्मरणरोगात या समुद्रघोड्याच्या परिसराला फार लवकर इजा पोहोचते. जुने पुष्कळ अन्यत्र मुरलेले असते, ते टिकते. नवे बांधणारा कारागीरच आजारी पडलेला असतो.

आता सगळ्यांच्या नजरा समुद्रघोड्याकडे वळल्या. नॉर्वेच्या ऑस्लो शहरी तेर्ये ल्योमो या तरुणाच्या १९६६ साली लक्षात आले की, सशाच्या हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या तंतूंना विजेचे झपाट्याने हिसके दिले की नंतर कितीतरी वेळ तिथला सांधा पूर्वीपेक्षा जोराने प्रतिसाद देतो. १९६८ साली इंग्लंडहून टिमोथी ब्लिस तेथे आला. दोघांनी मिळून प्रयोग केले आणि १९७३ साली प्रसिद्ध केले. १८ सशांपैकी १५ सशांत हा वाढलेला जोर अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकला होता. काही क्षणांची घोकणी, आणि तासन्‌तासांचा परिणाम! हेबचा तर्क प्रथमच यंत्राच्या पडद्यावर उमटला होता.

पण हे कोणत्या कुलपामुळे घडते? त्यासाठी आपल्याला एका जपानी ओट्यापाशी जावे लागते. १९०८ साली टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्रशेवाळाच्या कढणाला रुची कशाने येते याचा शोध घेतला. ते द्रव्य निघाले ग्लुटामेट. पुढल्याच वर्षी ते ‘अजिनोमोटो’ या नावाने बाजारात आले. आज आपल्याकडच्या गाडीवरल्या नूडल्समध्येही ते पडते. १९५० नंतरच्या दशकात जपानच्याच हायाशी यांनी तेच ग्लुटामेट कुत्र्याच्या मेंदूवर सोडले, तो त्याला झटके आले. १९५९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरी डेव्हिड कर्टिस, जॉन फिलिस आणि जेफ्री वॉटकिन्स यांनी दाखविले की ते मज्जारज्जूतील पेशींना थेट पेटविते. इतके सर्वत्र सापडणारे, अन्नातलेसुद्धा द्रव्य मेंदूचा निरोप्या असेल, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हते. पुढे ते तसेच ठरले.

(अजिनोमोटो खाऊन पाढे पाठ होतील काय, असे घरातले चिरंजीव विचारतीलच. होणार नाहीत. रक्तातून मेंदूत शिरताना कडक पहारा असतो; ताटातले ग्लुटामेट सहसा तो ओलांडीत नाही.)

वॉटकिन्स हा मुळात रसायनज्ञ. ग्लुटामेटसारखी, परंतु थोडी वेगळी अशी अनेक द्रव्ये त्याने तयार केली. त्यांपैकी एक ग्लुटामेटपेक्षाही फार प्रभावी निघाले. त्याचे लांबलचक नाव आपण आखूडच घेऊ: एनएमडीए. पुढे कळले की ग्लुटामेटची कुलपे एकाच जातीची नाहीत, आणि त्यांतल्या एका जातीला ही बनावट किल्ली अचूक लागते. म्हणून त्या ग्राहीला नावही तेच पडले. गावाला एखाद्या पाहुण्याचे नाव पडावे तसे हे झाले. रोजचा रहिवासी ग्लुटामेट बाजूलाच राहिला! नंतर इंग्लंडच्या ब्रिस्टल येथे वॉटकिन्सने या कुलपात अडकून बसणारी, ते बंदच ठेवणारी द्रव्येही शोधून काढली.

मग उलगडा भराभर झाला. १९८३ साली कॅनडाच्या व्हँकूव्हर शहरी ग्रॅहम कॉलिंग्रिज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे अडकविणारे द्रव्य वापरले. रोजचे निरोप सुरळीत जात राहिले, पण घोकणीने सांधा बळकट होणे थांबले. जो आधीच बळकट झाला होता तो मात्र तसाच राहिला. म्हणजे हा ग्राही आठवण जपणारा नव्हे. आठवण बांधण्याच्या क्षणी लागणारा होता.

१९८४ साली पॅरिसमध्ये आणि अमेरिकेत, दोन ठिकाणी, त्याची गुरुकिल्ली सापडली. आपण बँकेत लॉकर घेतो. तो उघडावयास दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. या ग्राहीचे तसेच आहे. ग्लुटामेट येऊन चिकटले तरी त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. ते बूच निघते कधी, तर घेणारी पेशी त्याच वेळी स्वतः जागी, पेटलेली असेल तेव्हाच. देणाऱ्याने दिले आणि घेणाराही त्याच क्षणी सावध होता, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की दार उघडते आणि कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियमच्या हाकेने पेशीच्या आतली यंत्रणा कामाला लागते, आणि त्या काठावर दुसऱ्या जातीचे, साधे निरोप घेणारे ग्राही आणखी बसविले जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच निरोपाने मोठे काम होते. हीच ती गाठ. हेबने कागदावर लिहिलेली अट निसर्गाने एका बुचात आधीच करून ठेवली होती! शिकविणारा आणि शिकणारा दोघेही एकाच वेळी जागे असावे लागतात, हे आपले पंतोजी छडी हाती घेऊन सांगत. त्याला असा आधार मिळेल असे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

हे सारे एका सांध्यापुरते झाले. खरोखरीच्या शिकण्याशी त्याचा संबंध काय? ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस याने १९८१ साली एक हौद तयार केला. पाण्यात दूध मिसळून ते गढूळ केले आणि पृष्ठभागाखाली एक लहानसा ओटा लपविला. उंदीर पोहत पोहत आजूबाजूच्या खुणा पाहून ओट्याची जागा शिकतात. १९८६ साली मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्या उंदरांचे हे ग्राही औषधाने बंद केले, त्यांना ओटा कोठे आहे हे धड शिकताच आले नाही. ओटा काढून घेतल्यावर ते हौदभर भटकले. दृष्टीने ओळखावयाची दुसरी एक परीक्षा मात्र त्यांना जमली. पुढे १९९१ साली क्योटोच्या नाकानिशी यांच्या मंडळींनी या ग्राहीचे जनुक शोधले. १९९६ साली अमेरिकेत तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत, हिप्पोकॅम्पसच्या एका भागातूनच तो ग्राही काढून टाकलेले उंदीर जागा शिकण्यात मागे पडले. १९९९ साली तर जो त्च्येन यांनी त्या ग्राहीचा एक घटक वाढवून नेहमीपेक्षा हुशार उंदीर तयार केले.

कथा येथेच संपविली तर ती फार गोंडस होईल. १९९५ साली मॉरिस आणि त्याच्याच सहकाऱ्यांनी दाखविले की, ज्या उंदरांना आधी दुसऱ्या हौदात पोहण्याचा सराव होता ते ग्राही बंद असतानाही नवी जागा शिकू शकत. म्हणजे हा एकच ग्राही सर्व स्मरणाचा धनी नव्हे. आपल्याच शोधाला स्वतः अशी मुरड घालणारे लोक मला फार मोठे वाटतात. २०१६ साली ब्लिस, कॉलिंग्रिज आणि मॉरिस या तिघांना ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले, तेव्हा त्यात या प्रामाणिकपणाचाही वाटा होता, असे मी समजतो.

या सगळ्याचा माणसाला उपयोग काय, असे कोणी विचारील. विस्मरणरोगासाठी मेमँटिन नावाचे औषध युरोपात २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली मान्य झाले; ते याच ग्राहीवर काम करते. त्याचा गुण माफक आहे. रोग ते बरा करीत नाही. पण २००७ साली जे कळले ते याहून मोठे आहे. होसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. बहुतेक तरुण. चांगल्या चालत्या-बोलत्या मुली एकाएकी भ्रमिष्टासारख्या बोलू लागत, भलतेच दिसू लागे, आठवण जाई, झटके येत, शुद्ध हरपे. त्यांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये सापडली की जी स्वतःच्याच मेंदूतल्या एनएमडीए ग्राहींवर चालून जात होती. बहुतेकींच्या बीजांडकोशात गाठ होती. ती काढली आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे दिली की पुष्कळशा सुधारत. अशा आजाराच्या ५७७ रुग्णांचा मोठा आढावा २०१३ साली निघाला. त्यांपैकी ज्यांची प्रकृती दोन वर्षे पाहता आली, त्यांतले ८१ टक्के चांगले सुधारले होते.

या ओळी वाचताना माझे मन आपल्याकडच्या घराघरांत जाऊन आले. अशा किती मुलींना वेड लागले म्हणून कोंडले गेले असेल, किती जणींना झपाटले म्हणून देवऋषीकडे नेऊन धूर दिला गेला असेल, आणि किती जणी तशाच गेल्या असतील! त्या काळी डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हते, तेव्हा आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. आता मात्र ठाऊक आहे. घरातली एखादी तरुण मुलगी अचानक अशी बदलली तर तिला आधी मज्जाविकारांच्या तज्ज्ञाकडे न्यावे, हे वाचकहो, या लेखातले बाकी सारे विसरलात तरी लक्षात असू द्या.

आणि हेन्री? तो २ डिसेंबर २००८ रोजी, बयाऐंशीव्या वर्षी वारला. अनेक दशके तो चाचण्यांना बसत राहिला. प्रत्येक वेळी त्याला त्या नव्याच वाटत. आपल्यापासून शिकलेले दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल, असे तो म्हणे. जिवंतपणी जगाला तो एच. एम. या दोन अक्षरांनीच ठाऊक होता. मृत्यूनंतर पूर्ण नाव प्रकट झाले. स्मरणाविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला फार मोठा भाग या माणसाच्या नावावर जमा आहे, आणि ते एकट्या त्यालाच कधी लक्षात ठेवता आले नाही. त्याच्या वतीने आपण ठेवावे.